आई-नानांना टोरांटोला पाठवायचंय: स्वस्त तिकीट, आरामाची सीट की 'सेफ' विमान?

सातपुडा_पायथा (धागाकर्ता)

राम राम मंडळी. धाकटा भाऊ टोरांटोला असतो, त्याच्याकडे मे मध्ये पाळणा हलणार आहे म्हणून आई आणि नाना चार-पाच महिने तिकडे जाणार. सुपर व्हिसा आला, इन्शुरन्स झाला, आता तिकिटाशी येऊन गाडी अडली. आम्ही चोपड्याचे. नाना ६८, दोन्ही गुडघे बोलतात. आई ६३, शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. दोघांनी आजवर विमान फक्त शेतावरून जाताना पाहिलंय, इंग्रजी नाही, हिंदी कामापुरती, अहिराणी मात्र फर्स्टक्लास.

आठवडाभर मोबाईलवर दर बघून बघून डोकं भणभणायला लागलं. सगळ्यात स्वस्त आहे ते आखातातून, पण त्यात दोन वेगवेगळी तिकिटं आहेत आणि मध्ये १४ तासांचा मुक्काम. मग एमिरेट्स दुबईमार्गे, एकच तिकीट, जरा महाग. इथिओपियन अदिसअबाबामार्गे, ते या दोघांच्या मधे. दिल्लीहून एअर इंडिया थेट. आणि लुफ्तान्सा फ्रँकफुर्टमार्गे, ते सगळ्यात महाग. पहिल्या आणि शेवटच्यात दोघांचे मिळून साठ हजारांच्या वर फरक पडतोय. भाऊ म्हणतो पैशाचं बघू नको, पण पैसे अर्धे मी देणार आहे, त्यामुळे बघावंच लागतं :)

त्यात आईने अहमदाबादच्या विमान अपघाताच्या बातम्या दिवसभर टीव्हीवर पाहिलेल्या आहेत. तिची एकच अट, 'ते ड्रीमलायनर का काय ते नको'. नाना म्हणतात मरायचं असेल तर ओट्यावर बसूनही मरतो माणूस. ज्यांनी आईवडलांना एवढ्या लांब पाठवलंय त्यांनी सांगा, पैसे नेमके कशाला मोजायचे?

केळीवाला

भो, मी कितीदा दुबईला जायेल आहे, केळीच्या कंटेनरचं काम असतं. स्वस्तातलं घ्या नि मोकळे व्हा. विमान सगळं सारखंच असतं, वर गेल्यावर ढगच दिसतात. साठ हजारात ठिबकच्या नळ्या येतात.

अमळनेरची_लेक

केळीवाला भाऊ, तुम्ही तीन तासांच्या दुबईचं सांगून राहिले. टोरांटो म्हणजे दुबईच्या पुढे अजून १४ तास. मी टोरांटोजवळ मिसिसागाला राहते, दरवर्षी कोणाचे ना कोणाचे आईवडील आणायला एअरपोर्टला जाते, म्हणून जे डोळ्यांनी बघते ते सांगते.

वेगवेगळी दोन तिकिटं हा प्रकार म्हाताऱ्या माणसांसाठी विचारातच घेऊ नका. पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं सुटलं तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी काही घेणंदेणं नसतं, तिकीट बुडालं म्हणजे बुडालं. शिवाय बॅगा मध्येच उतरवून घ्याव्या लागतात, त्यासाठी त्या देशात आत शिरावं लागतं, त्यासाठी व्हिसा लागू शकतो, परत चेक-इन, परत सिक्युरिटी. एका तिकिटावर असलं की कनेक्शन चुकलं तरी पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची. २०२५ च्या जूनमध्ये २३ तारखेला कतारने अचानक आकाश बंद केलं होतं, किती विमानं अर्ध्यातून वळवली. त्या रात्री ज्यांची दोन तुटक तिकिटं होती त्यांचं काय झालं असेल विचार करा.

ती १४ तासांची रात्र नाना कुठे काढणार? लोखंडी खुर्चीवर? गुडघ्यांसकट?

मेहरुण_तलाव

माझं सरळ मत. जिवापुढे पैसा काही नाही. जगातल्या सगळ्यात सेफ दहा एअरलाइन्सची लिस्ट दरवर्षी येते, त्यातली पहिली घ्या. अहमदाबादनंतर मी तरी घरच्यांना कुठल्याही भलत्या कंपनीत बसवणार नाही. आफ्रिकेचं विमान तर नकोच नको, त्यांचं २०१९ ला पडलेलंच आहे.

आबा_धुळेकर

स्वस्त भेटनं म्हनीसन जीव धोकामा टाकानं का? पन महाग लिसन बी टायमावर उडस का इमान? आते सांगा.

खटपट्या

धागा आपल्या आवडीचा आहे, मोठा प्रतिसाद होणार, सांभाळून घ्या.

त्या 'टॉप टेन सेफ' याद्यांपासून सुरू करतो. पहिल्या नंबरची आणि पंधराव्या नंबरची कंपनी यांत खरा फरक किती? जवळजवळ मोजता येणार नाही इतका. २०२४ साली जगभरात ४ कोटींच्या वर व्यावसायिक उड्डाणं झाली, त्यात माणसं दगावली असे अपघात ७. एवढ्या थोड्या आकड्यांवर कंपन्यांचे नंबर लावणं म्हणजे एका ओव्हरवर वर्ल्डकप ठरवणं. एखाद्या कंपनीचा वर्षानुवर्षं अपघात झाला नाही म्हणजे ती शहाणी हे खरं असू शकतं, किंवा तिची विमानंच कमी असतात हेही खरं असू शकतं.

त्यापेक्षा दोन गोष्टी बघा. एक म्हणजे आयओएसए, हे आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेचं सुरक्षेचं ऑडिट, दर दोन वर्षांनी होतं, कंपनी त्या रजिस्टरमध्ये आहे का ते नेटवर कोणालाही बघता येतं. दुसरी म्हणजे युरोपियन युनियनची बंदी घातलेल्या कंपन्यांची यादी, २००६ पासून निघते. कंपनी पहिलीत आहे आणि दुसरीत नाही, विषय संपला. त्या पलीकडे तुमच्या-माझ्यासारख्याने सेफ्टीची तुलना करून तिकीट निवडणं म्हणजे मनाचं समाधान. धागाकर्त्याने नाव घेऊन दिलेल्या चारही कंपन्या या चाळणीतून पार होतात. ते स्वस्तातलं दोन तिकिटांवालं कुठल्या कंपन्यांचं आहे ते लिहिलेलं नाही, तर नावं टाकून बघा.

देश कसा तपासतो यालाही महत्त्व असतं बरं का. अमेरिकेच्या एफएएने (तिकडचं विमान वाहतुकीचं सरकारी खातं) जानेवारी २०१४ मध्ये भारताचंच रेटिंग खाली आणलं होतं. एखादी कंपनी नव्हे, आपल्या डीजीसीएची, म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या आपल्या सरकारी खात्याची, देखरेख कमी पडते म्हणून. एप्रिल २०१५ मध्ये परत वर केलं. त्यामुळे 'आफ्रिकेचं नको' म्हणताना जरा आरशातही बघावं.

आणि ते २०१९ चं. मार्चच्या १० तारखेला इथिओपियनचं ७३७ मॅक्स पडलं, १५७ जण गेले. त्याच्या पाच महिने आधी इंडोनेशियात लायन एअरचं तेच मॉडेल पडलं होतं. दोन्हींच्या मुळाशी एमकॅस नावाची बोइंगची सिस्टीम, जी एका सेन्सरच्या चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून विमानाचं नाक खाली दाबत होती. नंतर जगभर मॅक्स विमानं जमिनीवर बसवली. अदिसहून टोरांटोला असलं छोटं विमान जात नाही, मोठी बोइंग ७८७ (तेच ड्रीमलायनर) किंवा एअरबस ए३५० असतात.

मेहरुण_तलाव

खटपट्या, आकडे तुमच्याकडेच ठेवा. ज्याच्या घरातलं माणूस जातं त्याला चार कोटीतलं एक काय नि शंभरातलं एक काय.

खटपट्या

मान्य आहे, म्हणून तर कुठे धोका जास्त ते बघायला हवं ना? चोपड्याहून मुंबईला कसे जाणार हे अजून कोणी विचारलंच नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांच्या वर माणसं मेली, सरकारी आकडा आहे. रात्रभर झोप न झालेला ड्रायव्हर, ओव्हरलोड इनोव्हा, टपावर बॅगा, मुंबई-आग्रा हायवेवर पहाटे समोरून हायबीम टाकून येणारे ट्रक. आईला ड्रीमलायनरची भीती वाटते, इनोव्हाची नाही वाटत. या अख्ख्या प्रवासातला सगळ्यात धोक्याचा तुकडा चोपडा ते सहार विमानतळ हा आहे, आणि त्यावर कोणी एक रुपया जास्त खर्च करायला तयार नसतं.

भुसावळ_यार्ड

+१ खटपट्याला. अख्खी नोकरी रेल्वेत गेली, रेल्वेनेच सांगतो असं नाही पण रेल्वेनेच सांगतो. चोपड्याहून जळगाव गाडीने, दिवसा. जळगावहून दिवसाची गाडी धरून संध्याकाळी कल्याण किंवा ठाण्याला उतरायचं, तिथून टॅक्सी. सीएसएमटीपर्यंत जायची गरज नाही, तिकडून परत उलटं यावं लागतं. परदेशातली विमानं बहुतेक मध्यरात्रीनंतर नि पहाटे सुटतात, म्हणून रात्रीच्या गाडीने सकाळी पोचून दिवसभर मुंबईत कोणाच्या तरी घरी पाय पसरून बसण्यापेक्षा हे बरं. आणि गाडीला तीन-चार तास उशीर होईल असं धरूनच चाला, मी रेल्वेचा असून सांगतोय.

रोडनेच जायचं तर दिवसा जा. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, त्याने कसारा घाट टळतो.

सातपुडा_पायथा

घरात इनोव्हा ठरलेली होती, गावातून सोळा जण सोडायला येणार होते, दोन गाड्या :D हे घरात कसं सांगू ते बघतो. जळगावहून मुंबईला विमान आहे ना, ते कसं?

तिकीटखिडकी

जळगावात ट्रॅव्हल एजंट आहे, फुकट सल्ला देतोय, नंतर माझ्याकडे या असं म्हणणार नाही.

जळगाव-मुंबई वेगळ्या तिकिटावर काढलं की सामानाचा घोळ होतो. देशातल्या तिकिटावर साधारण १५ किलो चेक-इन मिळतं, कॅनडाच्या तिकिटावर बहुतेक कंपन्या माणशी २३ किलोच्या दोन बॅगा देतात. म्हणजे बिबड्या, मसाला, बाळंतिणीचे लाडू, गोधड्या असं ४६ किलो बांधलं तर जळगावलाच जास्तीचे पैसे भरावे लागतील. आणि छोटं विमान, पावसाळी हवा असली की रद्द झालं तर पुढचं तिकीट तुमचं तुम्ही बघायचं. दिल्लीमार्गे जाणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत धुक्याचा विचार करावा, मे मध्ये तो प्रश्न नाही.

एअर इंडियाच्या दिल्ली-टोरांटोबद्दल. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपल्या विमान कंपन्यांना आकाश बंद केलं, त्यामुळे अमेरिका-कॅनडाची विमानं लांबून जातात. काही फ्लाइट्सना मध्ये व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनाला थांबावं लागलं, दिल्ली-वॉशिंग्टन तर सप्टेंबर २०२५ पासून बंदच केलं. म्हणून 'थेट' म्हटलं तरी वेळ किती दाखवतात ते बुकिंगच्या दिवशी बघा. थेटचा मोठा फायदा एकच, म्हाताऱ्या माणसांना परक्या विमानतळावर चुकायला जागाच उरत नाही. पण मग मुंबई-दिल्लीही त्याच तिकिटावर पाहिजे.

एक महत्त्वाचं. १५ तारखेला पहाटे २:५० चं विमान म्हणजे १४ तारखेच्या रात्री एअरपोर्टवर. दरवर्षी कोणीतरी १५ च्या रात्री बॅगा घेऊन पोचतं.

डॉ_वरणबट्टी

आराम म्हटलं की लोक चैनीचा विषय समजतात म्हणून थोडं लिहितो. चार तासांपेक्षा जास्त वेळ एका जागी बसून प्रवास केला की पायातल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात तब्येतीने धडधाकट माणसांमध्ये हे प्रमाण सहा हजारांत एक असं निघालं होतं. घाबरण्यासारखं नाही, पण वय, वजन, जुनं ऑपरेशन असेल तर वाढतं. म्हणून नानांना आयल सीट (मधल्या वाटेकडची) पाहिजेच. दर दीड-दोन तासांनी उठायचं, टाचा वर-खाली करायच्या, पाणी प्यायचं. पायातले घट्ट मोजे तुमच्या डॉक्टरांना विचारून, मापाचे घ्या, मेडिकलवाल्याने दिले ते नको.

आईचं इन्सुलिन हँडबॅगेतच. खाली लगेजमध्ये टाकू नका, थंडीने गोठलं तर वाया जातं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत. वेळेचा फरक साडेनऊ तासांचा आहे, डोस कधी घ्यायचा ते निघायच्या आधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, विमानात बसून हिशोब होत नाही.

आता माझा मुद्दा. एकूण प्रवास किती तासांचा ते सगळे बघतात, सगळ्यात लांब तुकडा किती तासांचा ते कोणी बघत नाही. दुबईमार्गे गेलात तर ३ आणि १४. फ्रँकफुर्टमार्गे साधारण ९ आणि साडेआठ. बेरीज जवळपास तीच, पण गुडघ्यांना १४ तास सलग आणि ९ तासांनंतर उठून चालणं यात फार फरक आहे. माझ्याकडे परत आल्यावर सुजलेले पाय घेऊन येणारे बहुतेक ३+१४ वाले असतात.

अदिसअबाबाचं विमानतळ २३०० मीटरच्या वर आहे, महाबळेश्वरपेक्षा उंच. दम्याचा किंवा हार्टचा पेशंट असेल तर तिथे लांब मुक्काम टाळा. तुमच्या आईनानांना तसं काही नसेल तर हरकत नाही.

केळीवाला

डॉक्टरसाहेब हे मात्र पटलं. ३ आणि १४ चं कोणी सांगायेल नव्हतं.

खटपट्या

डॉक्टरांना जोडून. अदिसच्या त्याच उंचीमुळे तिथून पूर्ण भरलेलं विमान पूर्ण इंधनासकट उचलणं अवघड जातं, हवा विरळ असते. म्हणून तिकडून अमेरिकेकडे जाणाऱ्या काही फ्लाइट वाटेत इंधनाला थांबतात. तिकिटावर मधला थांबा बारीक अक्षरात असतो, बघून घ्या.

सीटचं सांगतो. कंपनीपेक्षा विमान कुठलं ते बघा. ७७७ मध्ये बहुतेक ठिकाणी आता एका ओळीत १० सीटा, ३-४-३, रुंदी १७ इंच. ए३५० मध्ये ९, रुंदी १८ च्या आसपास. एक इंच म्हणजे काय असं वाटतं पण शेजारच्याचं कोपर १४ तास बरगडीत असलं की कळतं. नवरा-बायकोसाठी सगळ्यात भारी ए३३०, २-४-२, खिडकीकडच्या दोन सीटा दोघांना, तिसरं माणूसच नाही, नाना आयलला, आई खिडकीला. बुकिंग करताना विमानाचं नाव लिहिलेलं असतं. आयत्या वेळी बदलतातही, तेव्हा आठ दिवस आधी परत बघा.

ड्रीमलायनरबद्दल, आईंना सांगायचं तर. ७८७ ऑक्टोबर २०११ पासून प्रवासी घेऊन उडतंय. १२ जून २०२५ चा अहमदाबादचा अपघात हा त्या मॉडेलचा पहिला जीवघेणा अपघात. विमानातल्या २४२ पैकी २४१ गेले, जमिनीवरचे धरून २६०. महिन्याभराने प्राथमिक अहवाल आला, त्यात टेकऑफनंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून 'कटऑफ'वर गेल्याचं नोंदवलंय. का गेले ते त्या अहवालात नाही, आणि व्हॉट्सॲपवर जे फिरतं ते मी इथे टाकणार नाही. योगायोग असा की म्हाताऱ्या माणसांना ७८७ आणि ए३५० जास्त सोसतात, कारण केबिनमधली हवा साधारण ६००० फुटांवर असल्यासारखी ठेवतात, जुन्या विमानांत ८००० फुटांपर्यंत जाते. हवा कोरडीही कमी असते.

रावेर_एक्सप्रेस

११ए सीट मिळेल का बघा. अहमदाबादला तोच एक वाचला.

खटपट्या

प्रत्येक विमानात ११ए वेगळ्या जागी असते. त्या विमानात ती इमर्जन्सी दरवाजाजवळ होती. आणि दरवाजाजवळच्या सीटवर म्हाताऱ्या, गुडघेदुखीच्या माणसाला बसवतच नाहीत, दार उघडता आलं पाहिजे असा नियम आहे. नानांचा नंबर लागणार नाही.

त्यापेक्षा विमानात बसल्यावर कामाच्या दोन गोष्टी आईनानांना शिकवा. एक, बेल्ट कायम लावलेला, दिवा बंद झाला तरी. मे २०२४ मध्ये लंडन-सिंगापूर विमानाला अचानक जोराचा धक्का बसला, एक प्रवासी गेला, कित्येक जण छताला आपटले. दुसरी, कधी उतरा म्हणाले तर बॅग सोडून उतरायचं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तिरुवनंतपुरमहून गेलेलं एमिरेट्सचं विमान दुबईत धावपट्टीवर आपटून पेटलं, आतले तिनशेच्या तिनशे वाचले, आग विझवणारा एक जवान मात्र गेला. त्याचे व्हिडिओ बघा, लोक वरच्या कप्प्यातून बॅगा काढत बसलेत. जानेवारी २०२४ ला टोकियोत ए३५० पेटलं, ३७९ जण हात हलवत बाहेर आले. आपल्या लोकांचा जीव बॅगेत अडकतो, त्यात आईची लाडवांची पिशवी.

शिरपूरची_माय

दंडवत खटपट्या. वाचनखूण साठवली.

माझं जेवणाचं. माझ्या सासूबाई माळकरी. मुलाने प्रेमाने 'हिंदू मील' टिकमार्क केलं, समोर चिकन आलं. हिंदू मील म्हणजे फक्त बीफ-पोर्क नाही एवढंच, शाकाहारी नाही. शाकाहारी पाहिजे तर 'एशियन व्हेजिटेरियन' किंवा जैन मील निवडायचं, निदान २४ तास आधी, दोन्ही विमानांसाठी वेगवेगळं तपासून. सोबत दशम्या, चटणी द्याच. ओलं, पातळ, ताक वगैरे सिक्युरिटीत काढून घेतात.

अमळनेरची_लेक

भाषेचं टेन्शन घेऊ नका, त्याला औषध व्हीलचेअर. नानांना गुडघे आहेत म्हणजे खोटं काही सांगायचं नाही. निदान ४८ तास आधी कंपनीला सांगायचं, पैसे पडत नाहीत. विमानाच्या दारापासून पुढच्या गेटपर्यंत माणूस नेऊन सोडतो, इमिग्रेशनची रांग वेगळी. आणि दोन मागा, आईच्या नावानेही. २०२४ च्या फेब्रुवारीत मुंबई विमानतळावर एका ज्येष्ठ जोडप्याने दोन व्हीलचेअर सांगितलेल्या असताना एकच मिळाली, बायकोला बसवून आजोबा मागे चालत गेले आणि इमिग्रेशनजवळ कोसळले, वारले. डीजीसीएने त्या कंपनीला ३० लाखांचा दंड केला. उशीर होईना, दुसरी खुर्ची येईपर्यंत बसून राहा म्हणावं.

दुबईत हिंदी बोलणारा पावलोपावली भेटतो हे खरं आहे, फ्रँकफुर्टला नाही. एका कागदावर इंग्रजीत नाव, फ्लाइट नंबर, भावाचा फोन आणि 'इन्सुलिन घेतात' एवढं लिहून दोघांच्या खिशात वेगवेगळा ठेवा. मी तर मामांच्या शर्टाला पिनने लावला होता, रागावले, पण पोचले.

तिकीटखिडकी

फ्रँकफुर्टला ट्रान्झिट व्हिसा लागेल का असं दोघांनी मेसेज करून विचारलं. पासपोर्टवर कॅनडाचा चालू व्हिसा असला की त्यासाठी वेगळा लागत नाही, बाहेर न पडता विमान बदलायचं असेल तर. पण तिकीट एकच पाहिजे, बॅगा थेट टोरांटोच्या टॅगवर. अमेरिकेतून मात्र कधी बदलू नका, तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो.

महाग तिकिटात काय जास्त मिळतं ते कोणी सांगत नाही. युरोपच्या कंपनीने युरोपला जाताना किंवा युरोपातून निघताना तुम्हाला चार तासांहून जास्त उशिरा पोचवलं आणि चूक त्यांची असली, तर माणशी ६०० युरो भरपाईचा कायदा आहे. वादळासारख्या वेळी नाही मिळत. आपल्या किंवा आखाती कंपनीने मुंबईहून जाताना उशीर केला तर तो कायदा लागत नाही. बॅग हरवली तर कुठल्याही कंपनीला मॉन्ट्रियल करार (भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार) लागतो, पण भरपाईला वरची मर्यादा ठरलेली असते, तीही बिलं दाखवून. सोनं बॅगेत घालू नका, जळगावकरांना हे वेगळं सांगावं लागतं :)

आणि अनोळखी वेबसाइटवरून दोन हजार वाचवायला जाऊ नका. विमान रद्द झालं की कंपनी म्हणते वेबसाइटला विचारा, वेबसाइट म्हणते कंपनीला विचारा. जेट २०१९ ला बंद पडली, गो फर्स्ट २०२३ ला, कितीतरी लोकांचे पैसे अडकले.

आबा_धुळेकर

मना भाचा जर्मनीले जायेल से, त्यानी पावर बँक मोठ्या बॅगमा टाकेल व्हती, बॅग खोलाले लाई. हातमा ठेवा म्हना.

खटपट्या

आबा बरोबर. पॉवर बँक चेक-इनमध्ये चालतच नाही. जानेवारी २०२५ मध्ये कोरियात बुसानला विमान जळाल्यावर नियम कडक होत गेले, एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायलाच बंदी घातली, बंद करून सीटखाली किंवा समोरच्या खिशात ठेवायची.

सातपुडा_पायथा

सगळ्यांचे आभार. दोन दिवस घरात चर्चा झाली. दोन तिकिटांवालं बाद, ते आता स्क्रीनवर दिसलं तरी बघत नाही. इथिओपियनचं नावावर काही म्हणणं राहिलं नाही, पण अदिसचा थांबा आणि पुढे परत इंधनाचा थांबा म्हणजे आईला फार होईल. दुबई आणि फ्रँकफुर्टमध्ये घासाघीस झाली. नाना दुबईच्या बाजूने होते, हिंदी चालते म्हणून. पण ३ आणि १४ ऐकल्यावर स्वतःच म्हणाले, चौदा तास तर मी कीर्तनातही बसलो नाही. फ्रँकफुर्ट ठरलं, एकाच तिकिटावर, मध्ये साडेतीन तास, दोन व्हीलचेअर, दोघांना एशियन व्हेज. सीटचे पैसे वेगळे भरले, नानांना दोन्ही विमानांत आयल.

आईला ड्रीमलायनरचं अजून सांगितलेलं नाही. पुढच्या विमानाचं मॉडेल अजून बदलू शकतं असं दिसतंय, बघू. इनोव्हा मात्र रद्द केली. सोळा जण जळगाव स्टेशनपर्यंत येणार, त्यावर तडजोड झाली.

केळीवाला

साठ हजार जास्त देऊन टाकले ना शेवटी?

सातपुडा_पायथा

पूर्ण साठ नाही, दुबईच्या मानाने तीसच्या आत. इनोव्हाचं भाडं वजा करा.

भुसावळ_यार्ड

रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं चार महिने नाही. सकाळी ८ ला लॉगिन करून बसा, मे म्हणजे लग्नसराई, दहा मिनिटात वेटिंग लागतं. दोघांच्या वयाला लोअर बर्थचा सीनियर कोटा मिळतो, पुरुष ६० च्या पुढे, बायका ४५ च्या पुढे. तुम्ही सोडायला सोबत जाणार असाल तर तुमचं तिकीट वेगळं काढा, एकत्र काढलंत तर तो कोटा लागत नाही.

सातपुडा_पायथा

हे माहीतच नव्हतं. वेगळंच काढतो.